पाडण्याआधी एकदा आत जाऊन या

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका
(प्रत माहितीसाठी : मा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्री, नवी दिल्ली)



मुंबईत ‘लॉफ्ट’ कशाला म्हणतात ते आपल्याला सांगायला नको, आपल्याच विकास नियमावलीत त्याची व्याख्या आहे. दोन मजल्यांच्या मधली, सामान ठेवण्याची जागा. उंची जास्तीत जास्त दीड मीटर. आम्ही त्याला पोटमाळा म्हणतो. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो मोरीच्या वर होता. त्यावर गणपतीच्या आराशीचं खोकं असायचं, आईच्या लग्नातली कधीच न वापरलेली पितळी भांडी असायची, पाहुण्यांची गादी असायची आणि 1975 साली मी असायचे. त्या वर्षी दहावीची पहिली बॅच परीक्षेला बसली, आणि माझा सगळा अभ्यास त्या पोटमाळ्यावर मान वाकवून झाला. आपल्या व्याख्येप्रमाणे मी सामान होते.

हे आठवायला निमित्त झालं भाच्याच्या फोनचं. मागच्या उन्हाळ्यात तो म्हणाला, “आत्या, या वेळी तरी ये. आम्ही आता लॉफ्टमध्ये राहायला गेलोय.” मला खरंच वाईट वाटलं. आयटीत एवढा पगार, आणि पोरगा अमेरिकेत पोटमाळ्यावर?

भाचा मॅसॅच्युसेट्स राज्यात, लोवेल नावाच्या शहरात राहतो. मेरिमॅक नदीच्या काठाने लाल विटांच्या लांबच लांब इमारती आहेत, त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं घर. दार उघडून आत गेले आणि आधी मान वर गेली. छत जवळजवळ चौदा फुटांवर. खिडक्या माझ्याहून उंच, आणि भिंत एवढी जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी मांडी घालून बसू शकले. घराच्या मधोमध कवेत न मावणारे लाकडी खांब. जमिनीला फळ्या आणि त्या फळ्यांवर काळे डाग. भाचेसून कौतुकाने म्हणाली, “यंत्राच्या तेलाचे आहेत, आत्या. कितीही घासलं तरी जात नाहीत.” पुढे कळलं की तिकडे असे डाग असलेल्या घराला भाव जास्त. माझ्या वडिलांच्या सदऱ्यावरचे असेच डाग आई दर रविवारी सोडा लावून घासायची. तेही जात नसत, पण त्यांचं कौतुक कोणी केल्याचं मला आठवत नाही.

ही कापडाची गिरणी होती, आयुक्त महोदय. जिथे भाच्याचा सोफा आहे तिथे कधीकाळी यंत्रं होती.

घर सुखाचं आहे असं मात्र समजू नका. आत भिंतीच नाहीत, त्यामुळे सकाळी फोडणी पडली की रात्री पांघरुणाला मोहरीचा वास येतो. झोपायची जागा शिडीवरच्या माळ्यावर. माझ्या गुडघ्यांना ती जमेना, म्हणून मी सोफ्यावर. साडी बदलायची तर न्हाणीघर गाठायचं. आणि थंडीत एवढी मोठी पोकळी गरम ठेवायचं बिल भाच्याने दाखवलं, ते बघून मला आमची खोली एकदम काटकसरी वाटायला लागली. तरीही पहिल्याच सकाळी त्या खिडकीत चहा घेऊन बसले, उजेड थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, आणि माझ्या लक्षात आलं की घरात उभं राहून हात सरळ वर केला आणि तो कशालाच लागला नाही, असं माझ्या आयुष्यात फार कमी वेळा झालंय.

दुसऱ्या दिवशी भाचा मला बूट मिलच्या संग्रहालयात घेऊन गेला. ही गिरणी 1835 सालची. तिच्या तळमजल्यावर आजही विणाई खातं आहे. 88 साचे, म्हणजे माग, ओळीने मांडलेत आणि त्यांतले काही खरोखर चालवून दाखवतात. आत सोडण्यापूर्वी कानात घालायला बोळे देतात. मी घेतले नाहीत. मला तो आवाज ऐकायचा होता.

माझे वडील साचेवाले. लालबाग-परळच्या एका गिरणीत त्यांनी एकोणतीस वर्षं चार चार साचे चालवले. आम्ही भावंडं गेटपर्यंत डबा द्यायला जायचो. गेटच्या आत पोरांना कोण सोडणार? त्यामुळे वडील काम करायचे ती जागा मी पहिल्यांदा पाहिली ती वयाच्या पासष्टीत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. धोटा इकडून तिकडे आपटायला लागला, पायाखालची जमीन थरथरायला लागली आणि शेजारी उभा असलेला भाचा काय बोलतोय ते मला ऐकू येईना. मी त्याच्या ओठांकडे बघायला लागले. वडीलही असेच ओठांकडे बघायचे. घरात ते जन्मभर ओरडून बोलले. शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण चाललंय. “बाबा, जरा हळू बोला” हे वाक्य मी त्यांना किती वेळा ऐकवलं असेल याचा हिशेब मी त्या विणाई खात्यात उभी राहून मांडत होते. पाच मिनिटांत मला बाहेर यावं लागलं. चालू होते ते थोडेच साचे, आणि मी तिकीट काढून आलेली पाहुणी.

आता मुद्द्यावर येते.

लोवेल ही अमेरिकेच्या कापड धंद्याची पंढरी. 1820च्या दशकात मेरिमॅकच्या धबधब्याचं पाणी कालव्यांनी वळवून इथे गिरण्या उभ्या राहिल्या. कामाला आल्या त्या आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली. कंपनीच्या वसतिगृहात एका खोलीत सहा सहा, एका बिछान्यात दोघी. आपल्याकडे गावकीच्या खोलीत दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर पडायचा, त्याचीच ही बहीण. 1834 मध्ये मजुरी कापल्यावर आणि 1836 मध्ये वसतिगृहाचं भाडं वाढवल्यावर त्या मुलींनी संपही केले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस थांबला, लोवेलच्या बऱ्याच गिरण्या तेवढ्या काळापुरत्या बंद पडल्या. त्याच कापूस टंचाईने मुंबईचे कापूस व्यापारी गब्बर झाले. तिकडचा भोंगा थांबला की इकडे चांदी, असं हे जुनं नातं आहे.

विसाव्या शतकात लोवेलच्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. बूट मिल 1950च्या दशकात संपली. गाव ओस पडलं. इमारती म्हणजे अपयशाची खूण, त्या पाडून टाका, असं तिथल्या शहाण्यांनाही वाटत होतंच. मेरिमॅक कंपनीची गिरणी आणि तिच्या कामगारांची वसतिगृहं 1960च्या दशकात खरोखर पाडली गेली. मग पॅट्रिक मोगन नावाच्या एका शिक्षकाने लावून धरलं की हे गावच पाठ्यपुस्तक आहे, ते फाडू नका. (मीही शिक्षिका होते. हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.) तिथले खासदार पॉल साँगस यांनी पाठपुरावा केला आणि 1978 मध्ये केंद्राच्या कायद्याने लोवेलच्या गिरण्या आणि कालव्यांचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वाघ आठवतो. तिकडे साचेसुद्धा चालतात.

पण नुसत्या भावनेने एवढ्या विटा उभ्या राहत नाहीत. तिकडे सरकारने हिशेबच असा केला की गिरणी ठेवणं मालकाला परवडावं. ऐतिहासिक म्हणून नोंद झालेली इमारत तिचं रूप न बिघडवता दुरुस्त करून भाड्याने दिली, तर दुरुस्तीच्या खर्चाच्या 20 टक्के रक्कम केंद्राच्या करातून वजा मिळते. खिडकी बदलायची तरी जुन्या खिडकीसारखीच हवी. त्याच हिशेबातून लोवेलच्या कितीतरी गिरण्यांची घरं झाली, आणि त्यांतल्या एका घरात आमचा भाचा आज फोडणी देतो.

आपण उलटा हिशेब केला. 1991च्या नियमावलीतल्या 58व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने गिरणगावाचा एकत्रित आराखडाही दिला. मग 2001 साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, असं ठरलं. मोकळी म्हणजे आधीपासून मोकळी असलेली. गिरणी पाडून जी मोकळी होईल, ती वाटणीत नाही. म्हणजे इमारत पाडणाऱ्याला बक्षीस. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने याला अटकाव केला, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उठवला. त्यानंतर गिरणगावात काय झालं ते परळच्या पुलावर उभं राहून कोणालाही दिसतं. चिमणी राखली, पण शोभेला. तिच्या बुडाशी मॉल. आणि नव्या टॉवरच्या जाहिरातीत ‘न्यूयॉर्क स्टाइल लॉफ्ट’! खरी गिरणी पाडायची आणि तिच्या जागी सिमेंटची, गिरणीसारखी दिसणारी खोली विकायची. याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही; सुचतं ते आपल्याला लिहिण्यासारखं नाही.

न्यूयॉर्कचं नाव निघालं म्हणून सांगते. तिथे सोहो भागात ओतीव लोखंडाचे दर्शनी भाग असलेले जुने कारखाने होते. धंदा उठला, आणि स्वस्त, उंच, उजेडाच्या जागेसाठी चित्रकार, शिल्पकार त्यांत चोरून राहायला लागले. राहायची परवानगी नव्हती. आग लागली तर आत माणूस आहे हे अग्निशमन दलाला कळावं म्हणून 1961 पासून दारावर पाटी लावायची सोय झाली. 1971 मध्ये कलावंतांना तिथे राहायची रीतसर मुभा मिळाली. पुढे अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा लॉफ्ट कायदा आला, तो साल 1982. त्याच वर्षी 18 जानेवारीला आमच्या गिरण्यांचा भोंगा थांबला. सुमारे अडीच लाख माणसं संपावर गेली आणि त्यांतली कितीतरी परत आत गेलीच नाहीत. तिकडे बंद कारखान्यात राहणाऱ्याला त्या वर्षी हक्क मिळाला, इकडे कारखान्यात राबणाऱ्याचा गेला. अर्थात सोहोचंही पुढे काय झालं? कलावंतांमागून श्रीमंत आले, भाडी चढली, आणि ज्यांनी त्या जागा राहण्याजोग्या केल्या त्यांतल्या बऱ्याच जणांना तिथून उठावं लागलं. लॉफ्टचं घर आपोआप कोणाचं भलं करत नाही, हे मला कळतं.

नियमाशिवाय रूपांतर केलं तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 माणसं गेली. त्या दोषाचं खापर जुन्या विटांवर फोडू नका. लोवेलकडच्या गिरण्यांचे ते जाडजूड खांब आणि तुळया मुळात आगीसाठीच तशा ठेवलेल्या : जाड लाकूड वरून कोळसतं, पण लवकर कोसळत नाही, तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. विमा कंपन्यांचा तसा आग्रहच असे. आम्ही त्याच प्रकारच्या आवारात बांबू आणि ताडपत्री चढवली.

आता आपल्या हातात काय उरलंय? राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या मुंबईतल्या शेवटच्या चालू गिरण्या, टाटा मिल, पोदार मिल वगैरे, मार्च 2020च्या टाळेबंदीत थांबल्या त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. त्या सरकारच्या आहेत. म्हणजे मालकाला नफ्याची घाई आहे, ही सबब इथे चालणार नाही. जमीन केंद्राची, परवानगी आपली. म्हणून पत्र आपल्याला आणि प्रत दिल्लीला.

सगळ्याच इमारती घरांसाठी चालतील असं मी म्हणत नाही. आपल्याकडे विणाई खात्याचे शेड बहुतेक एकमजली असतात, कारण साचे जमीन हादरवतात, ते वरच्या मजल्यावर कोण चढवणार? त्यांचं ते करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, काचा उत्तरेकडे, म्हणजे उजेड येतो पण ऊन डोळ्यांवर येत नाही. तिथे शाळा करा, वाचनालय करा, मंडई करा. दिवसा दिवा लावावा लागणार नाही. पण सूतखात्याच्या इमारती मजली असतात. उंच छत, जाड भिंती, रांगेने खिडक्या. गंमत म्हणजे त्या खिडक्या गिरणी चालू असताना बहुतेक बंदच असायच्या. हवेतला ओलावा गेला की सूत तुटतं. आतल्या माणसाच्या छातीत कापसाची धूळ साठली तरी चालेल, सूत तुटता कामा नये. त्या खिडक्या एकदा तरी उघडून बघाव्यात असं मला फार वाटतं.

तिथे घरं करा, आणि ती गिरणी कामगारांना द्या.

कामगारांना आत्तापर्यंत म्हाडाच्या सोडतीत जी घरं मिळाली ती बहुतेक 225 चौरस फुटांची. अर्ज दीड लाखांहून जास्त. जागा नाही म्हणून आता घरं शेलू आणि वांगणीला, बदलापूरच्याही पलीकडे देतो म्हणतात. ज्याचं आयुष्य करी रोडच्या पुलाखालून गेलं त्याला म्हातारपणी कर्जतच्या गाडीत बसवायचं. 2025च्या जुलैत आझाद मैदानावर आमची म्हातारी माणसं भर पावसाळ्यात त्यासाठीच बसली होती.

225 चौरस फुटांचंच घर द्यायचं असेल तर निदान चौदा फूट उंचीखाली द्या. लालबागची बाई त्या उंचीचं काय करते ते बघा! वर झोपायचा माळा होईल, पोरांचा अभ्यास होईल, खाली माणसं बसतील. पण तो माळा राहण्याचा म्हणून मंजूर करा, सामानाचा म्हणून नको, आणि 4.2 मीटरवरच्या उंचीला जादा चटई क्षेत्र धरायचा जो नियम आहे, त्यातून जुन्या गिरणीच्या इमारती वगळा. नवी इमारत उंच करून जागा चोरता येते, हे मान्य. जी 100 वर्षांपूर्वीच उंच बांधली, तिने कोणाचं काय चोरलं?

एक अडचण प्रामाणिकपणे सांगते. वडिलांना कधी काळी कोणी म्हटलं असतं, गिरणीतच राहायला जा, तर ते उखडले असते. “आठ तास काढले तेवढे पुरे नाहीत का?” असं त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं बोलले असते. काहींना नको वाटेल, त्यांना सक्ती करू नका. पण विचारा तर. लोवेलच्या त्या घरात मी सोफ्यावर झोपले होते त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती जागेच्या परकेपणामुळे नव्हे. ही जागा इतकी प्रशस्त होती, आणि यंत्रं गेल्यावरच माणसाला तिच्यात पाय पसरता आले, हेच डोक्यात फिरत होतं.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेत महापालिका वस्त्रोद्योग संग्रहालय करते आहे, ते चांगलंच आहे. पण संग्रहालय बघून लोक संध्याकाळी घरी जातात. लोवेलमध्ये संग्रहालयाशेजारच्या गिरण्यांत रात्री दिवे लागतात, कुणीतरी भांडी घासतं, कुणाचं तरी मूल रडतं. मला ते हवंय.

मागणी मोठी नाही. महामंडळाच्या एका गिरणीची एक सूतखात्याची इमारत. तिची आधी तपासणी करा, कुजलेलं काढा, दुसरा जिना आणि पाण्याची टाकी घाला, आणि पन्नास घरं करून बघा. नाही जमलं तर तसं जाहीर सांगा. आणि तोपर्यंत पाडकामाच्या परवानगीचा कागद टेबलावर आला, तर सही करण्यापूर्वी एकदा स्वतः आत जाऊन या. शक्यतो दुपारी जा, तेव्हा छतातून उजेड चांगला येतो.

माझे वडील 2014 साली गेले. घरासाठी त्यांनी भरलेल्या अर्जाची पावती आमच्या कपाटात, आईच्या पोथीत ठेवलेली आहे. सोडतीत त्यांचं नाव अजून लागलेलं नाही.

कळावे,

एका साचेवाल्याची मुलगी
लालबाग, मुंबई